आडवे प्रतिबिंब

पार्सेच्या विनोदिनीचा तोंडी शिकवणीवर काडीचाही विश्वास नव्हता. कुणी काही समजावून सांगायला लागलं की हा आता नेमकं काय गाळणार, याकडेच तिचं लक्ष असायचं. लग्न होऊन शेजारच्या चोपड्याहून ती पार्सेत आली तेव्हा थोरल्या जावेनं तिला खतखतं शिकवलं होतं. भाज्या किती, डाळ किती, खोबरं केव्हा, सगळं पदर खोचून, अगदी मायेनं. पहिल्याच चवथीला विनोदिनीनं ते केलं आणि जेवणारे एकमेकांकडे बघत गप्प जेवले. वासासाठी तिरफळं घालायची असतात, हे जावेनं सांगितलंच नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगायचं राहिलं गे, एवढं कुणाला ठाऊक नसतं?"

त्या दिवसापासून विनोदिनी छापलेलं तेवढंच खरं मानू लागली. पाकपुस्तक आणलं, त्यात तिरफळं होती, आणि किती ते आकड्यात होतं. ब्लाउज शिवायला शिकली ती पुस्तकावरून, मुलाचं दहावीचं गणित करून घेतलं ते गाइडवरून. तिचं म्हणणं साधं होतं. समोर बसून शिकवणारा आपल्याला ओळखतो, आणि ओळखतो म्हणून हातचं राखतो. पुस्तक लिहिणाऱ्याला आपण कोण, कुठले, काहीच ठाऊक नसतं. त्यानं आपल्यापासून कशाला काय लपवावं?

नवरा शांताराम. त्याचा पेडण्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ. रोलच्या जमान्यापासूनचा. पुढे लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आलं, तेही तो करू लागला, पण चित्रणाची जोडणी म्हापशाच्या एकाकडून करून घ्यायचा. हा म्हापशाचा माणूस कधी वेळेवर काम द्यायचा नाही. एकदा तर त्यानं मांद्र्याच्या लग्नात कोरगावच्या लग्नातली वरात घुसडून दिली. मांद्र्याची माणसं दुकानात येऊन बसली, आमचा घोडा नव्हता म्हणाली. त्या संध्याकाळी विनोदिनी म्हणाली, संगणक आणा, मी करते.

वय सेहेचाळीस. शांताराम हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्यानं तिला म्हापशाच्या क्लासला घातलं. ती सहा दिवस गेली. शिकवणारा पोरगेला मास्तर माउस धरून "हे असं, हे असं, आणि मग हे असं" म्हणायचा आणि पडद्यावर बाण उंदरासारखा पळायचा. विनोदिनीनं विचारलं की मधलं 'असं' म्हणजे कसं, तर म्हणाला, काकी, हाताला सवय होईल. तिरफळं, विनोदिनीच्या मनात आलं, आणि सातव्या दिवशी ती गेली नाही.

मग मुलानं बंगळुरूहून फोनवर व्हिडिओ पाठवले. शिकवणारे ढीगभर होते, सगळे फुकट. तिला तेच खटकलं. फुकट कोण शिकवतो? ज्याला काहीतरी दुसरं विकायचं असतं तो. शिवाय व्हिडिओ थांबवला की माणूस तोंड उघडं टाकून उभा राहायचा आणि नेमकं जे बटण बघायचं ते त्याच्या डोक्याआड असायचं.

पुस्तक तिला मिळालं फोंड्याला, देवळाच्या जत्रेत लागलेल्या ग्रंथप्रदर्शनात. व्हिडिओ संपादनाची संपूर्ण मार्गदर्शिका, मराठीत, चारशे बारा पानं, कव्हरवर कानाला हेडफोन लावलेला एक माणूस. लिहिणारा पुण्याचा. आतली चित्रं काळी-पांढरी आणि बऱ्यापैकी धुरकट, पण प्रत्येक बटणाला आकडा घातलेला आणि खाली त्या आकड्याचा अर्थ. एक, इथे दाबा. दोन, आता हे दिसेल. तीन, दिसलं नाही तर पान सत्तावन्न बघा. दिसलं नाही तर! हे वाक्य वाचून विनोदिनी उभ्याउभ्याच विरघळली. आजवर एकाही शिकवणाऱ्यानं तिला नाही दिसलं तर काय करायचं हे सांगितलं नव्हतं.

पुस्तक तिनं भिंतीला टेकवून उभं केलं, पानं उडू नयेत म्हणून वर कपड्यांचे दोन चिमटे लावले. सकाळी पोदेर पाव देऊन गेला, चहा झाला, की ती बसायची. पुस्तक थांबायचं. कुकरची शिटी झाली तरी थांबायचं, दारात कुणी आलं तरी थांबायचं, आणि ती परत येऊन बसली की जिथे होतं तिथेच असायचं. त्यातली मराठी जरा विचित्र होती. टाइमलाइनला 'काळपट्टी', रेंडरिंगला 'अंतिम प्रस्तुतीकरण'. पडद्यावर सगळं इंग्रजीत, म्हणून तिनं मागच्या कोऱ्या पानावर दोन्हींची यादी केली. जे करून बघितलं आणि जमलं, त्या परिच्छेदापुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. खूण नसलेल्या ओळीवर तिचा विश्वास नव्हता.

पुस्तकावरही ती डोळे झाकून भाळली नव्हती म्हणा. एक्याण्णव पानावर डावीकडे सांगितलेलं बटण पडद्यावर उजवीकडे निघालं तेव्हा तिनं थेट पुण्याला प्रकाशकाला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, बाई, प्रोग्राम बदलत राहतो, पुस्तक एकदाच छापतो. आणि जरा थांबून म्हणाला, एक्याण्णव पानापर्यंत पोचल्याचं कळवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

तीन महिन्यांत ती पहिलं काम करू लागली, वर्षभरात म्हापशाच्या माणसाला नारळ दिला. आज चार वर्षं झाली. पेडणे तालुक्यात लोक अजून पेनड्राइव्हला कॅसेटच म्हणतात, आणि विनोदिनीच्या हातची कॅसेट म्हटलं की रडू येणारच, अशी तिची ख्याती. कुणाचे डोळे केव्हा भरले, कुणी कुणाचा हात केव्हा धरला, हे तिला सहा तासांच्या चित्रणातून बरोबर सापडायचं. शांताराम म्हणायचा, मी तिथे होतो आणि मला दिसलं नाही.

तर गोष्ट यंदाची. फेब्रुवारीत वाड्यावरच्या बाबाजीच्या मुलीचं, सेजलचं, लग्न झालं. मुलगा डिचोलीचा, गौरेश. पत्रिका काही जुळत नव्हती, मुलाची आई प्रेमावती मागे सरत होती. शेवटी तीच म्हणाली, तुमच्या देवाला विचारा, त्याचा कौल उजवा असेल तर माझा नकार नाही. बाबाजीनं एका सोमवारी ग्रामदेवाला कौल लावला. भटजीनं मूर्तीला भिजवलेल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे हात जोडून उभे राहिले. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. उजवी पडली. बाबाजीनं तिथूनच डिचोलीला फोन केला.

त्या दिवशी देवळात पालखी होती आणि शांताराम कॅमेरा घेऊन तिथे होताच. शेजारधर्म म्हणून त्यानं कौलाचीही पाच मिनिटं टिपून ठेवली. बाबाजीला त्याचं नंतर भानही नव्हतं. विनोदिनीला मात्र होतं. लग्नाची कॅसेट जोडताना तिनं ती पाच मिनिटं शोधून काढली आणि अगदी सुरुवातीला घातली. आधी देवाचा कौल, मग हळद, मग लग्न. तिला वाटलं, याच्याहून चांगली सुरुवात होऊच शकत नाही. मे महिन्यात पेनड्राइव्ह दोन्ही घरी गेले.

दहा दिवसांनी बाबाजी आला. दुपारची वेळ, विनोदिनी फणसाचे गरे काढत होती, हाताला खोबरेल तेल. बाबाजी नेहमीसारखा आत आला नाही. दारापुढच्या बाल्कांवात उभा राहिला आणि म्हणाला, "विनोदिनी वयनी, आमच्या पोरीचं तुम्ही काय वाकडं केलं ते एकदा सांगा."

तिला काही कळेना. मग तुकड्यातुकड्यानं कळलं. डिचोलीच्या घरी सगळ्यांनी बसून टीव्हीवर कॅसेट लावली. देवळाचं दृश्य आलं, गाऱ्हाणं झालं, आणि पडद्यावर पाकळी पडली ती देवाच्या डाव्या अंगाची. प्रेमावतीनं परत लावायला सांगितलं. परत डावीच. ती उठून आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेजल देवापाशी दिवा लावायला गेली तर तिच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. म्हणाली, "राहू दे, मी लावते." तेव्हापासून आठ दिवस सेजल देवघराच्या बाहेर होती. जेवणाखाणाला कमी नव्हतं, आवाज चढवून कुणी बोललं नव्हतं. फक्त काडेपेटी मिळत नव्हती. गौरेश सकाळी खाणीवर जातो तो रात्री येतो, म्हणे आईशी वाद नको. आणि प्रेमावतीनं बाबाजीला फोन करून एवढंच विचारलं होतं, देवानं नको म्हटलेली पोर तुम्ही आमच्या गळ्यात का बांधली?

"उजवी पडली होती," विनोदिनी म्हणाली.

"मला सांगता? मी समोर उभा होतो. कॅसेटमध्ये डावी कशी झाली ते विचारायला आलोय." बाबाजीनं आवाज खाली आणला. "कोमलचं जमलं नाही, तो राग असेल तर तसं बोला."

हे ऐकून विनोदिनीनं हातातला गरा परत ताटात ठेवला. कोमल तिच्या भावाची मुलगी, चोपड्याची. दोन वर्षांमागे याच गौरेशला तिचं स्थळ सांगून गेलं होतं आणि त्यांनी नको म्हटलं होतं. विनोदिनी ती गोष्ट विसरूनही गेली होती, निदान तिला तसं वाटत होतं. पण वाड्यावर कुणी विसरलं नव्हतं. बाबाजीनं हा हिशोब जुळवला, म्हणजे आणखी दहा जणांनी जुळवलेला असणार. ती तेलकट हातांनी तशीच बसून राहिली. बाबाजी पाणीही न घेता गेला.

पहिला संशय तिला शांतारामचा आला. यानंच कॅमेऱ्यात काही उलटसुलट केलं असेल. शांताराम स्टुडिओतून आला तसं तिनं त्याला धारेवर धरलं. त्यानं मुकाट्यानं मूळ चित्रण लावून दाखवलं. उजवी पाकळी पडत होती. मग तिला संगणकाचा संशय आला. मार्चात त्यानं आपलं आपणच काहीतरी अपडेट करून घेतलं होतं, तेव्हापासून तो तिला पटत नव्हताच. मग म्हापशाच्या माणसाचा. पण त्याला इथलं काही उघडायला मिळणार कसं? एकेक संशय ती हातात घेऊन बघत होती आणि बाजूला ठेवत होती. उरलं कोण, ते तिला समजत होतं, पण तिथे जायला मन घेत नव्हतं.

शेवटी तिनं कॅसेटची जोडणी उघडली. कौलाच्या तुकड्यावर क्लिक केलं. बाजूच्या रकान्यात लिहिलेलं होतं, हॉरिझॉन्टल फ्लिप.

तिनं पुस्तक काढलं. मागच्या यादीत शब्द सापडला: हॉरिझॉन्टल फ्लिप म्हणजे आडवे प्रतिबिंब, पान दोनशे अडतीस. पान काढलं. प्रकरणाचं नाव 'नजरेची दिशा'. लागोपाठच्या दोन दृश्यांत दोन्ही माणसं एकाच बाजूला बघत असतील, तर ती एकमेकांशी बोलत आहेत असं प्रेक्षकाला वाटत नाही. एकानं दुसऱ्याकडे पाठ फिरवल्यासारखं वाटतं. अशा वेळी एका दृश्याला आडवे प्रतिबिंब द्या. पुढे पेन्सिलीची खूण होती. तिची स्वतःची, ठसठशीत.

मग तिला सगळं आठवलं. गर्भकुडीत कॅमेरा चालत नाही म्हणून शांतारामनं सभामंडपातल्या एका खांबाला टेकून माणसं आणि समोरच्या बाजूच्या खांबाला टेकून मूर्ती टिपली होती. त्यामुळे हात जोडलेली माणसंही डावीकडे बघत होती आणि मूर्तीचं तोंडही डावीकडेच दिसत होतं. जोडून बघितलं तर देव त्यांच्याकडे पाठ करून बसल्यासारखा. विनोदिनीला ते बरं वाटलं नव्हतं. मुलीच्या बापानं हात जोडावेत आणि देवानं भलतीकडे तोंड करावं? तिनं देवाला माणसांकडे फिरवलं होतं. पुस्तकात होतं तसं, एक, दोन, तीन. फिरवून झाल्यावर तिला इतकं समाधान वाटलं की पाकळीकडे तिचं लक्षच गेलं नाही. ती बाबाजीच्या भरलेल्या डोळ्यांकडे बघत होती.

शांतारामनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे सोपा मार्ग काढला. सांगून टाक मशीननं केलं. मशीनचं कोण काय विचारणार?

"आणि कोमलचं?" विनोदिनी म्हणाली.

त्यावर तो लेन्स पुसायला लागला. मशीन आपलं आपण चुकलं म्हटलं तर कुणालाच खरं वाटणार नव्हतं. ती मुद्दाम चुकली, हे मात्र सगळ्यांना खरं वाटत होतं. आपण न बघता चुकलो, हे पटवायचं तर जिथे चुकलो ती जागा बोट ठेवून दाखवायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि त्यावर पुस्तक ठेवलं. तुझा हा पुणेकर तिकडे काय बोलणार, असं शांताराम म्हणाला, पण त्यानं मुकाट्यानं व्हॅन काढली. बाबाजीला फोन करून येणार का विचारलं, तर तो म्हणाला, आधी तुम्ही घाण काढा, मग मी येतो.

कोलवाळ, अस्नोडा करत ती दोघं डिचोलीला पोचली तेव्हा दहा वाजले होते. घरात गौरेशचे आईवडील होते. पांडुरंग, खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. आणि प्रेमावती. अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले, नजर अशी की समोरचा आपोआप पदर सारखा करतो. सेजलनं पाणी आणून ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेली. विनोदिनीनं तिच्याकडे बघितलं, तिनं बघितलं नाही.

विनोदिनीनं आढेवेढे घेतले नाहीत. चूक माझी, म्हणाली, आणि मेजावर लॅपटॉप उघडला. मूळ चित्रण दाखवलं: पाकळी उजवी. कॅसेटमधलं दाखवलं: डावी. मग पुस्तक उघडून पान दोनशे अडतीस पुढे केलं.

प्रेमावतीनं चष्मा लावला आणि परिच्छेद दोनदा वाचला. मग पुस्तक उलटून मागचं पान बघितलं, छापल्याचं साल बघितलं, किंमत बघितली.

"लिहिणारा कुठला?"

"पुण्याचा."

"त्याच्या देवाला कौल लावत नसतील," प्रेमावती म्हणाली.

पांडुरंगाला हसू आलं ते त्यानं खोकल्यात घातलं. पण प्रेमावती हसत नव्हती. पुस्तक मिटून तिनं विनोदिनीकडे सरकवलं. म्हणाली, पुस्तकात आहे हे खरं मानलं. बटण दाबलं की उजवं डावं होतं, हेही तू डोळ्यांपुढे दाखवलंस. मग मला एक सांग. आज सकाळी घरून निघताना तू डाव्याचं उजवं करून आणलं नाहीस, हे मी कशावरून मानू? काल डावी दाखवलीस, आज उजवी दाखवतेस. उद्या बाबाजीनं सांगितलं तर दोन्ही पाडून दाखवशील.

विनोदिनीनं लॅपटॉप जरा मागे ओढला. खरं तर तिला या बाईचं मनातल्या मनात पटलं. तिच्या जागी ती स्वतः असती तर तिनंही हेच विचारलं असतं. तिनं पुस्तकाकडे बघितलं. एखादं चित्र फिरवलेलं आहे की मूळचं, हे कसं ओळखायचं, यावर त्या चारशे बारा पानांत एक ओळ नव्हती. देवघराकडच्या भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. आपण आलो त्यानं काम आणखी बिघडवलं, असं तिला वाटू लागलं. दारातली सेजल तेवढ्यात आत वळली, भांडं पडल्याचा आवाज झाला.

"परत लाव," प्रेमावती म्हणाली. "तुझी ती कॅसेटमधली. अगदी पहिल्यापासून."

विनोदिनीनं लावली. हात जोडून उभी असलेली माणसं आली: बाबाजी, त्याची बायको लक्ष्मी, मागे भावकीतले दोघे. मग मूर्तीचं दृश्य आलं. मूर्ती मधोमध, भटजी बसलेला, आणि कडेला, उंबऱ्याजवळ पुढे झालेली लक्ष्मी, पाठमोरी, जेमतेम खांदा आणि पाठ दिसेल एवढी.

"थांबव."

चित्र थांबलं. प्रेमावती बसायची कदेल पुढे ओढून पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. "ही कोण?"

"लक्ष्मी. सेजलची आई."

"मागचं दाखव. त्याच्या आधीचं."

विनोदिनीनं मागे नेलं. हिरवं लुगडं नेसलेली लक्ष्मी हात जोडून उभी. प्रेमावतीनं बोटानं पुढे जा अशी खूण केली. परत मूर्ती, परत लक्ष्मीची पाठ. परत मागे. तीन वेळा तिनं हे करायला लावलं. विनोदिनीला वाटलं, ही आता विहिणीच्या लुगड्यातही काहीतरी खोट काढणार.

"काय गे," प्रेमावती शेवटी म्हणाली, "ही लक्ष्मी मधल्यामध्ये गुजरातीण कधी झाली?"

तेव्हा कुठे विनोदिनीला दिसलं. हात जोडलेल्या दृश्यात लक्ष्मीचा पदर डाव्या खांद्यावर होता, सगळ्या जणींचा असतो तसा. मूर्तीच्या दृश्यात तोच पदर उजव्या खांद्यावरून पाठीवर सुटला होता. चार वर्षं ती बायकांचे चेहरे, डोळे, हात बघून चित्रं जोडत होती, आणि पदर कुठल्या खांद्यावर आहे हे तिनं बघितलं नव्हतं. या बाईनं ते तीन फेऱ्यांत हेरलं.

"देवासमोर उभी राहून कोण पदर बदलणार?" प्रेमावती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. मग मूळ चित्रण पुन्हा लावायला लावलं. पदर डाव्या खांद्यावर, पाकळी उजवी. तिनं भटजीचा हातही बघून घेतला. तीर्थ उजव्या हातानं घालत होता. मग ती मागे टेकली आणि चष्मा काढला. पांडुरंग म्हणाला, झालं ना आता? ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला डावीच दिसली होती आणि तुम्ही मजेत जेवलात.

त्यानंतर तिनं हुकूम सोडला. कॅसेट इथेच, माझ्यासमोर सरळ करून दे. घरी नेऊन नको.

विनोदिनीनं रकान्यातली फ्लिपची ओळ निवडली आणि काढून टाकली. देव फिरला. माणसं डावीकडे बघत होती आणि देवही डावीकडेच बघत होता, आणि तसाच ठेवायचा होता.

"एवढंच?" पांडुरंगानं विचारलं. एका बटणावर आपल्या घरात आठ दिवस गेले, हे त्याला पटत नव्हतं.

अंतिम प्रस्तुतीकरणाला मात्र चाळीस मिनिटं लागणार होती. पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागली, बाजूला टक्के. प्रेमावती तिथून हलायला तयार नव्हती. मी उठले आणि मधे काही झालं तर, हे तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं. तिनं चहा मागवला. सेजलनं कप आणून ठेवले, आणि परत वळली तशी प्रेमावती पट्टीवरची नजर न काढता म्हणाली, "बस गे इथे. तुझंच चाललंय."

सेजल बसली. दाराजवळच्या कदेलीवर, अगदी टोकाला, ट्रे मांडीवर घेऊन. सांजेच्या दिव्याचं कुणी काही बोललं नाही. पण काडेपेटीचं असं तोंडानं सांगत नसतात, हे विनोदिनीला ठाऊक होतं. तिनं मान वर करून पोरीकडे बघितलं. या वेळी सेजलनंही बघितलं, आणि त्या बघण्यात आभार नव्हते. हिनंच केलं आणि हिनंच निस्तरलं, असं काहीतरी होतं. विनोदिनीनं ते मुकाट्यानं घेतलं.

पट्टी अर्ध्यावर आली. चहा संपला. शांताराम आणि पांडुरंग बाहेर व्हॅनच्या टायरविषयी बोलायला गेले.

"आणखी काय काय फिरवलंयस यात?" प्रेमावतीनं विचारलं.

नाही म्हणून सांगणं सोपं होतं. फिरवलेलं खरंच दुसरं काही नव्हतं. पण आज सकाळपासून खरं तेवढंच बोलायचं असं विनोदिनीनं ठरवून टाकलं होतं, आणि आता मधेच थांबायचं कसं हे तिला कळेना.

"फिरवलेलं काही नाही," ती म्हणाली. "पण एक हलवलंय."

"काय?"

"तुमचं हसू." विनोदिनीनं पट्टीकडे बघत सांगितलं. "सून घरात आली, माप ओलांडलं, तेव्हा तुम्ही दारात उभ्या होत्या. हसत नव्हतात. घामाघूम झाला होतात, दमलेल्या असाल. तिथे हळदीच्या दिवसाचं तुमचं हसू आणून लावलं. माहेरहून तुमचा भाऊ आला होता, त्याच्याकडे बघून हसलात ते. पुस्तकात आहे, चेहरा दुसरीकडचा लावला तरी चालतो म्हणून. बघणाऱ्याला वाटतं की सुनेकडे बघूनच हसलात."

सेजलच्या मांडीवरचा ट्रे जरासा हलला. आठ दिवस सेजल ती कॅसेट फोनवर एकटीच बघत असली पाहिजे, आणि बघत असेल तर तेवढंच दृश्य, असं विनोदिनीला तिच्या तोंडावरून वाटलं. आपण पुन्हा एकदा न बघता काहीतरी तोडलं की काय, या भीतीनं तिचा हात माउसवर गेला. "थांबवते," ती म्हणाली, "तेही काढून देते, दोन मिनिटांचं काम."

प्रेमावतीनं चष्मा परत लावला. पट्टी एकसष्टवर होती, बासष्ट झाली. तिनं एकदा सेजलकडे बघितलं, सेजल ट्रेकडे बघत होती.

"त्याला हात लावू नको," प्रेमावती म्हणाली. "ते राहू दे."